मावशी थांबेना, दिवा लागेना

डोंगरात एक पाडा होता. पाड्यावर एक घर होतं. घरात एक खोका होता. खोक्यात कोंबडीची पिल्लं होती.

पिल्लांना आई नव्हती. आईला मुंगसाने नेलं होतं.

खोक्यावर एक दिवा टांगला होता. सोलरचा दिवा. पिवळा पिवळा, गरम गरम. पिल्लं त्याच्याखाली एकमेकांना चिकटून झोपायची.

एका सकाळी दिवा थरथरला. मिण मिण... मिण... विझला.

खोका काळोखा झाला. खोका गार झाला.

थंडीचे दिवस. बाहेर धुकंच धुकं. पिल्लं कुडकुडली. "चिक् चिक्! चिक् चिक्!" धाकटा मात्र ओरडला नाही. तो नुसता पडून राहिला.

त्यांच्यात एक होती पिटकी. एवढीशी! तिने धाकट्याला चोचीने हलवलं. त्याने एक डोळा उघडला. परत मिटला.

पिटकीला रडूच आलं. ती दिव्याला म्हणाली,

"दिव्या, दिव्या, लाग ना!"

दिवा म्हणाला, "मी नाही लागणार. आधी बॅटरी भरू दे."

पिटकी निघाली. तुरू तुरू, तुरू तुरू. कोपऱ्यात बॅटरी होती. काळी, जड, मुकाट.

"बॅटरी, बॅटरी, भर ना!
दिवा लागेना,
भावंडांना ऊब मिळेना!"

बॅटरी म्हणाली, "माझं पोट रिकामं. मी नाही भरणार. आधी प्लेट चालू दे."

पिटकी निघाली. तुरू तुरू, तुरू तुरू. बाहेर उतरत्या छपरावर सोलरची प्लेट होती. तिच्यावर धूळच धूळ.

"प्लेटबाई, प्लेटबाई, चाल ना!
बॅटरी भरेना,
दिवा लागेना,
भावंडांना ऊब मिळेना!"

प्लेट म्हणाली, "धुळीने मला दिसत नाही. मी नाही चालणार. जमनामावशी मला पुसायची. ती पाडा सोडून चाललीय. आधी मावशी थांबू दे."

पिटकी निघाली. तुरू तुरू, तुरू तुरू. पाय गारठले. पंख भिजले.

जमनामावशी सोलर दुरुस्त करायची. बॅटऱ्या दुरुस्त करायची. तिचं पत्र्याचं दुकान होतं. आज दुकानाला कुलूप होतं. मावशी पायरीवर बसली होती. शेजारी बोचकं होतं.

"मावशी, मावशी, थांब ना!
प्लेट चालेना,
बॅटरी भरेना,
दिवा लागेना,
भावंडांना ऊब मिळेना!"

मावशीने पिटकीला ओंजळीत घेतलं. तिचे डोळे लाल होते.

"कशी थांबू गं बाळा? पावसात दिवे बंद पडतात, तेव्हा सगळे मला हाका मारतात. पाऊस गेला की कोणी विचारत नाही. मग मी काय खाऊ? मी वीटभट्टीवर चालले. मी नाही थांबणार. आधी पाडा जमू दे, मला वर्षभराचं काम देऊ दे."

तिने पिटकीला खाली ठेवलं. हळूच. आणि बोचकं बांधायला घेतलं.

पिटकी पळाली. तुरू तुरू, तुरू तुरू. पाड्याचा कारभारी गेमाबाबा अंगणात बसला होता. घोंगडी पांघरून, खोकत. खॉक् खॉक्.

"बाबा, बाबा, पाडा जमव ना!
मावशी थांबेना,
प्लेट चालेना,
बॅटरी भरेना,
दिवा लागेना,
भावंडांना ऊब मिळेना!"

गेमाबाबा म्हणाला, "या धुक्यात कोण बाहेर येतंय? मी नाही जमवणार. आधी ढोल वाजू दे."

पिटकी निघाली. तुरू... तुरू. आता ती दमली होती. ढोल बाबाच्याच ओसरीत होता. एकटाच.

"ढोलदादा, ढोलदादा, वाज ना!
पाडा जमेना,
मावशी थांबेना,
प्लेट चालेना,
बॅटरी भरेना,
दिवा लागेना,
भावंडांना ऊब मिळेना!"

ढोल म्हणाला, "माझं कातडं ओलं झालंय. थप्प करतं, धूम् करत नाही. मी नाही वाजणार. आधी चूल तापू दे, मला शेकू दे."

पिटकी निघाली. तुरू... तुरू... ढोलाजवळच चूल होती. तीही गार.

"चुलीबाई, चुलीबाई, ताप ना!
ढोल वाजेना,
पाडा जमेना,
मावशी थांबेना,
प्लेट चालेना,
बॅटरी भरेना,
दिवा लागेना,
भावंडांना ऊब मिळेना!"

चूल म्हणाली, "माझ्यावर राखच राख. निखारा खाली गुदमरलाय. मी नाही तापणार. आधी कोणीतरी राख उकरू दे."

पिटकीने इकडे पाहिलं. कोणी नाही. तिकडे पाहिलं. कोणी नाही.

तिला धाकट्याचा मिटलेला डोळा आठवला.

"मी उकरते!" पिटकी म्हणाली.

आणि उकरू लागली. खर्र खर्र! खर्र खर्र! राख नाकात गेली. आक्छी! राख डोळ्यांत गेली. खर्र खर्र! पायाला चटका बसला. चिईईक्!

राखेखाली लाल लाल निखारा होता.

पिटकीने चोचीने निखाऱ्यावर काटकी टाकली. फुर्र! चूल तापली.
चूल तापली, ढोल शेकला.
गेमाबाबाने ढोल घेतला. धूम् धूम् धडाम्! ढोल वाजला.
ढोल वाजला, पाडा जमला.

गेमाबाबा म्हणाला, "जमना चालली रे. दिवा विझला की आपण तिला हाका मारतो. दिवा लागला की तिला विसरतो. आता तिने घरोघरच्या बॅटऱ्या वर्षभर बघायच्या. बिघडो, न बिघडो. वर्षभर तिचं पोट आपण भरायचं. कबूल?"

"कबूल! कबूल!"

सगळे पळाले. मावशी पायवाटेला लागली होती. धुक्यात नुसतं बोचकं दिसत होतं.

"जमना!" गेमाबाबा ओरडला. "बोचकं खाली ठेव, पोरी. वर्षभराचं काम आहे!"

मावशी उभी राहिली. तिने पदराने डोळे पुसले.

पाडा जमला, मावशी थांबली.
मावशीने प्लेट पुसली. सुर्र सुर्र. धुकं विरलं. ऊन आलं. प्लेट चालली.
मावशीने बॅटरीची टोकं घासली. बॅटरीत बॅटरीचं पाणी घातलं. बुडुक बुडुक. बॅटरी भरली.
बॅटरी भरली, दिवा लागला. पिवळा पिवळा, गरम गरम.

पिटकी खोक्यात शिरली. धाकट्याला पंखाखाली घेतलं. तिचा पंख केवढा? एवढासा. ती वाट बघत बसली. खूप वेळ.

"चिक्," धाकटा म्हणाला. अगदी हळू.

आई काही आली नाही. ती येणार नव्हती. पण पिल्लं गरम झाली.

मग थंडी सरली. उन्हाळा आला. एका दुपारी दारात जमनामावशी उभी. हातात फडकं, पिशवीत बॅटरीच्या पाण्याची बाटली.

घरातल्या बाईने विचारलं, "मावशी, आज कशी आलीस? काही बिघडलं नाही गं."

"बिघडू नये म्हणूनच आले," मावशी म्हणाली.

आणि शिडी लावून ती छपरावर चढली. सुर्र सुर्र. सुर्र सुर्र.