ब्रिजितमावशीने धरलेले पाय

खाडीवर पूल नव्हता आणि गावात डॉक्टर नव्हता, त्या काळची ही गोष्ट. आमच्या किनाऱ्यावर ब्रिजितमावशी नावाची सुईण होती. तिच्या हातून एकही बाळ दगावलं नाही, असं म्हणतात. हे सगळ्यांत जास्त वेळा तीच म्हणायची, असंही म्हणतात.

तिचा एक हट्ट होता. दारात बैलगाडी आल्याशिवाय ती निघायची नाही.

एका दुपारी मिठागरात राबणारा कैतान धापा टाकत आला. "मावशी, चल लवकर! माझ्या सेसिलला कळा सुटल्यात."

"गाडी कुठाय?"

"आमच्याकडे कुठली गाडी, मावशी?"

"मग आण कुणाची तरी. मी काय चिखल तुडवत येऊ?"

कैतान गाडी शोधायला पळाला. मावशी जेवायला बसली, पण घास उतरेना. ती उठली, दारात गेली, परत आत आली. रोझरी हातात घेतली, तर मणी पुढे सरकेनात. गाडीचा पत्ता नव्हता. शेवटी ती तशीच अनवाणी निघाली, मिठागराच्या बांधावरून धावत. मिठाने टाचा चिरल्या, आणि बांध तिच्यापुढे लांबतच गेला, असं म्हणतात.

झोपडीत पोचली तेव्हा बाळ जन्मलं होतं. निळं, गप्प. बाळ रडलं की आईचा जीव खालीवर होतो; न रडणाऱ्या बाळाची भीती मात्र वेगळीच. मावशीने त्याला चोळलं, उलटं धरलं, तोंडात फुंकर घातली. सगळ्या किनाऱ्याने वाखाणलेले ते हात, पण काही चालेना.

तेव्हा तिने बाळाला आईच्या पोटावर ठेवलं आणि सेसिलच्या पायांवर डोकं टेकलं. "पोरी, मी गाडीची वाट बघत बसले. चुकलं माझं. प्रभू, या गर्विष्ठ बाईवर दया कर."

"माझे पाय काय धरतेस, मावशी!" सेसिल ओरडली. "बाळाकडे बघ ना!"

"माझ्या हातात काही नाही गं," मावशी म्हणाली. मान तिने वर केली नाही.

आणि बाळ रडलं. असं रडलं, की चर्चची घंटा कुणी न ओढता वाजली. घंटेचं खरंखोटं प्रभू जाणे. कैतान उसनी गाडी घेऊन दारात पोचला तेव्हा आत तिघं रडत होती.

आमच्याकडे अजूनही कुणाला कळा सुरू झाल्या की घरातली सगळ्यांत मोठी बाई तिचे पाय धरते. सासू असली तरी सुनेचे. "ब्रिजितमावशीच्या प्रभू, दया कर," एवढंच म्हणते. हॉस्पिटलात नर्स वैतागते, "आजी, बाहेर थांबा!" आजी बाहेर येऊन उभी राहते. आतून रडणं ऐकू येईपर्यंत तिथं कुणी मान वर करत नाही.