निंबकरसाहेबांचं पान

चाकणच्या एका मोटार कारखान्यात निंबकरसाहेब खरेदीप्रमुख होते. माल साठवायचा नाही, लागेल तेव्हाच मागवायचा, हा त्यांचा लाडका नियम. मागवलेला माल मात्र टेम्पोसकट तासन्‌तास फाटकाबाहेर उन्हात उभा राही. वर उशिराचा ठपका पुरवठादारावर आणि पुढची ऑर्डर बंद.

याच कारखान्याला गाड्यांच्या सीट पुरवणाऱ्या कुंदाताई भालेकरांनी खंडेनवमीला साहेबांना आपल्या वर्कशॉपमध्ये जेवायला बोलावलं. यंत्रांची पूजा झाली. साहेब पानावर बसले. पानात नुसतं मीठ.

"जेवण कुठंय?"

"केव्हाच आलंय, साहेब. फाटकाबाहेर टेम्पोत आहे."

"मग आत घ्या ना!"

"वॉचमनला वाटलं की घेईल. तुमचीच पद्धत उचललीय आम्ही."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "अहो, पण वरण गार होईल!"

"होऊ द्या की," मिठाशेजारी लिंबाची फोड वाढत ताई म्हणाल्या, "ठपका आचाऱ्यावर ठेवू."

साहेबांनी लिंबाकडे पाहिलं आणि खिशातून मोबाइल काढला. मग त्यांनी कारखान्याच्या फाटकावर फोन लावला. "बाहेर जेवढ्या गाड्या असतील, तेवढ्या आत घ्या. आजपासून रोज."

ताईंनी खिडकीतून वॉचमनला हाक मारली, "दत्तू, सोड रे टेम्पो!"