झुंजाररावांचा मुजरा

"कुत्रा चावला, म्हणजे चूक चावून घेणाऱ्याची!" सुमेरगडच्या चंडप्रताप राजाने निकाल देऊन टाकला. "हा गोंदाजी पाणक्या उद्या सूर्य मावळायच्या आत राज्याबाहेर!"

गोंदाजी उजव्या हाताला फडकं बांधून उभा होता. त्याची लेक भिवरा हिने ती जखम वाहत्या पाण्याखाली खळखळून धुतली होती. राजवैद्यांनी मात्र लांबूनच पाहून 'काटा लागला' असं निदान केलं होतं. राजवैद्य फार अनुभवी!

चावणारे सरदार झुंजारराव राजाच्या पायाशी गादीवर पसरले होते. राजाने आपल्या लाडक्या कुत्र्याला खरोखरच सरदारकी दिली होती. पराक्रम म्हणाल, तर मुदपाकखान्यातली मांजर दिसली की सरदार सिंहासनाखाली दडून बसत. पण सरदार म्हटला की मुजरा आला! रोज दुपारी झुंजाररावांपुढे दूधभाताचं ताट ठेवलं, की झाडून साऱ्या दरबाराने जवळ जाऊन मुजरा करायचा, असा रिवाज. जो जास्त वाकेल तो जास्त इमानी! मग काय, एकेकाचं नाक ताटाला टेकेपर्यंत इमान वाढत गेलं. सरदार अर्थातच चावत. पण तसं म्हणायची सोय नव्हती. म्हणून प्रधान नारोपंतांनी भर उन्हाळ्यात हाताला रेशमी शेला गुंडाळायची टूम काढली, आणि बघता बघता ती अर्ध्या दरबाराला शोभून दिसू लागली. गोंदाजीपाशी शेला कुठला!

"महाराज," भिवरा पुढे झाली, "बाबा हुकमाप्रमाणे वाकले. पागोट्याचं टोक दूधभातात पडलं, ते काढायला गेले, एवढंच! त्यांना घालवू नका. या गावाबाहेर आम्हाला कोणी नाही."

"मग चूक कोणाची? झुंजाररावांची?"

"छे! ते तर गुणी आहेत."

"मग माझी?"

नारोपंतांनी डोळे मिटून घेतले.

"महाराजांची चूक झाली असं आजवर कोणी म्हणालंय का?" भिवराने विचारलं.

"कोणीच नाही!" राजा खूश झाला. "ऐक तर. उद्यापर्यंत खरा गुन्हेगार शोधून आण. तो कुत्रा असता कामा नये, राजा असता कामा नये, आणि दुसरा कोणी माणूसही असता कामा नये! नाही सापडला, तर बापामागोमाग तूही चालायला लाग."

दरबार खो खो हसला. राजा हसल्यावर तो नेहमीच हसत असे.

"कबूल!" भिवरा म्हणाली. "पण तपासापुरतं उद्या दरबाराने माझं ऐकावं, एवढा हुकूम द्या."

"दिला!"

दुसऱ्या दिवशी दुपारी राजा जेवायला बसला. ताटात श्रीखंड होतं, टम्म फुगलेल्या पुऱ्या होत्या. पहिला घास उचलला, तोच दार उघडलं आणि अख्खा दरबार आत घुसला.

"हे काय?"

"मुजरा, महाराज!" नारोपंत रडवेल्या आवाजात म्हणाले. "हुकूम आहे." आणि ते असे काही वाकले, की पागोट्याचं टोक थेट श्रीखंडात!

सेनापतींनी पुढे होऊन राजाच्या डोक्यावर थोपटलं. "शहाणं गं ते माझं बाळ!" खजिनदारांनी राजाच्या हातापुढची वाटी मागे ओढली, परत दिली, पुन्हा ओढली. "गंमत करतोय, महाराज! झुंजाररावांशी रोज करतो." राजवैद्य अगदी तोंडाजवळ तोंड आणून, पापणी न हलवता राजाच्या डोळ्यांत बघत बसले. मागून कोणी तरी कान ओढून पाहिला. "किती मऊ आहे हो!"

राजाचा चेहरा लाल झाला. त्याने दोन्ही हातांनी ताट कवटाळलं. नाकपुड्या फुगल्या, दात दिसू लागले, घशातून गुर्रर्र असा आवाज निघाला. एवढं होऊनही नारोपंत पुन्हा वाकले.

"चालते व्हा!" राजा ओरडला, आणि आमटीची वाटी जाऊन प्रधानजींच्या कपाळावर बसली.

"माझीच चूक, महाराज!" नारोपंत सवयीने म्हणाले.

भिवरा दारातून पुढे आली. "महाराज, वाटी कोणी मारली?"

"मी मारली! जेवणाऱ्याला घास सुखाने घेऊ देत नाहीत, मग करायचं काय?"

"म्हणजे चूक आपली?"

"मुळीच नाही!"

"मग प्रधानजींची?"

राजा अडखळला. "ते बिचारे हुकमाप्रमाणेच वाकले..." बोलता बोलता त्याची नजर दाराआड उभ्या असलेल्या गोंदाजीच्या फडकं बांधलेल्या हातावर गेली.

"गुन्हेगार सापडला, महाराज," भिवरा म्हणाली. "ना कुत्रा, ना राजा, ना माणूस. गुन्हेगार आहे मुजऱ्याची वेळ! तिला ताटापासून हद्दपार करा. सरदारांना सुखाने जेवू द्या. पोट भरलं की ते आपणहून जवळ येतील, हात हुंगतील, शेपूट हलवतील. मग करा लाड!"

"आणि नाही केली हद्दपार तर?"

"तर कालचाच न्याय चालवा! टेंगूळ प्रधानजींना आलं, म्हणजे चूक टेंगूळ आलेल्याची. त्यांनाही बाबांबरोबर राज्याबाहेर पाठवा. परमुलखात पाणी भरायला आम्हाला दोन हात जास्त मिळतील!"

राजाने नारोपंतांकडे पाहिलं. कपाळावर आमटी, पागोट्यावर श्रीखंड, आणि घागर उचलायच्या नुसत्या विचाराने पंत कंबर धरून उभे होते. राजाला हसू फुटलं! तो एवढा हसला, की पोट धरून पाटावरून खाली आला.

गोंदाजीची हद्दपारी तिथल्या तिथे रद्द झाली आणि त्याच्या धडधाकट हातात सोन्याचं कडं आलं. भिवराला राजबागेजवळचं घर मिळालं, आणि झुंजाररावांना रोज फिरवायचा मानही तिचाच ठरला.

"आणि आता," राजा डोळे पुसत, थंडगार पुरी उचलत म्हणाला, "सगळे बाहेर व्हा. मला जेवू द्या!"