टिचकी बेडकीची टुणुक आणि वाफेचा डबा

नीट बसा. पाय हलवू नका. गोष्ट अगदी छोट्या जिवाची आहे, बिचकून पळून जाईल.

एक होती बेडकी. नखाएवढी. तिचं नाव टिचकी. टिचकी चालायची नाही. पळायची नाही. नुसती टुणुक टुणुक.

एके दिवशी कुठं उडी मारतेय ते तिनं बघितलंच नाही. उतरली ती बाभळीच्या काट्यावर. काटा रुतला पायात. टुणुक गेली. राहिलं नुसतं फतक फतक.

"माझी टुणुक हरवली," टिचकी म्हणाली. रडली नाही. रडून काटा निघतो होय?

फतक फतक ती गेली गुरांच्या दवाखान्यात. तिथं होत्या डॉक्टरीणबाई. चष्मा कपाळावर, आणि शोधतायत टेबलावर.

"बाई बाई, काटा काढा.
माझी टुणुक मला मिळेना."

बाई म्हणाल्या, "काढते की. पण चिमटा मळका आहे. सकाळीच शेळीच्या पायात घातला होता. मळक्या चिमट्यानं काढला तर तुझा पाय होईल भोपळा. चिमट्याला म्हणावं, आधी वाफ घे."

फतक फतक टिचकी गेली चिमट्याकडे. चिमटा ताटलीत लोळत होता.

"चिमट्या चिमट्या, वाफ घे.
बाई काटा काढेना,
माझी टुणुक मला मिळेना."

चिमटा म्हणाला, "घेतो की. नुसत्या पाण्यानं मळ जातो, रोगाचे किडे जात नाहीत. ते वाफेनंच मरतात. पण डबा तापत नाही. डब्याला म्हणावं, आधी ताप."

आता डबे होते तीन. बाईंनी आधी हौसेनं थोरला आणला. मग रागानं चिमुकला आणला. मग अक्कल आली, तेव्हा मधला आणला.

फतक फतक टिचकी गेली थोरल्याकडे. चिमटा मागं मागं, टिक टिक. थोरला आला तेव्हा गावानं त्याच्यापुढं नारळ फोडला होता. कुंकवाचा टिळा अजून कपाळावर. तापला मात्र एकदाही नव्हता.

"डब्या डब्या, ताप.
चिमटा वाफ घेईना,
बाई काटा काढेना,
माझी टुणुक मला मिळेना."

"एका चिमट्यासाठी?" थोरला म्हणाला. "मला शंभर चिमटे लागतात. हंडाभर पाणी लागतं. मी तापलो की दवाखान्याची बत्ती जाते. टप्प. चल, पुढं हो."

शेजारी चिमुकला.

"डब्या डब्या, ताप.
चिमटा वाफ घेईना,
बाई काटा काढेना,
माझी टुणुक मला मिळेना."

"ये, बस," चिमुकला म्हणाला. चिमटा बसला. पाय बाहेर. झाकण लावलं. खटक. लागेना. पुन्हा लावलं. खटक. लागेना.

"मी आपला एका सुईचा डबा," चिमुकला म्हणाला. त्यानं खरं सांगितलं, ते बरं केलं.

मग मधला.

"डब्या डब्या, ताप.
चिमटा वाफ घेईना,
बाई काटा काढेना,
माझी टुणुक मला मिळेना."

चिमटा आत आडवा झाला. शेजारी कात्री मावली. सुया मावल्या. वर झाकण बसलं. सगळं कसं बेतात.

मधला म्हणाला, "तापतो की. पण माझं रबराचं कडं गेलं. कुकरच्या झाकणात असतं ना, तसलं. कडं नाही तर वाफ फुस्स. ढेपूनं पळवलंय. ढेपूला म्हणावं, आधी कडं दे."

ढेपू म्हणजे बाईंचं कुत्र्याचं पिल्लू. बसलं होतं पायरीवर, कडं चावत. चब चब.

"ढेपू ढेपू, कडं दे.
डबा तापेना,
चिमटा वाफ घेईना,
बाई काटा काढेना,
माझी टुणुक मला मिळेना."

ढेपू म्हणाला, "देतो की. मग मी काय चावू? तुझी तंगडी? सुकाआज्याला म्हणावं, आधी मला चेंडू वळ."

फतक फतक टिचकी गेली माडाखाली. तिथं सुकाआजा काथ्याचा दोर वळत बसला होता. सर सर, सर सर.

"आज्या आज्या, चेंडू वळ.
ढेपू कडं देईना,
डबा तापेना,
चिमटा वाफ घेईना,
बाई काटा काढेना,
माझी टुणुक मला मिळेना."

आजा म्हणाला, "वळतो की. पण नाकावर माशी बसलीय. दोन्ही हात काथ्यात. हात सोडला की पीळ सुटला. हसतेस काय, बेडके? माशीला म्हणावं, आधी ऊठ."

"माशी माशी, ऊठ.
आजा चेंडू वळेना,
ढेपू कडं देईना,
डबा तापेना,
चिमटा वाफ घेईना,
बाई काटा काढेना,
माझी टुणुक मला मिळेना."

माशी म्हणाली, "उठते की. उद्या. नाक मऊ आहे."

टिचकीनं माशीकडे नीट बघितलं. पाय दुखत होता. पण जीभ दुखत होती का? नाही.

लप्प.

माशी गेली पोटात.

आज्याचं नाक मोकळं झालं. आज्यानं दोर संपवला, उरल्या काथ्याचा चेंडू वळला. ढेपूनं चेंडू घेतला, कडं टाकलं. बाईंनी कडं धुतलं, पुसलं, डब्याला बसवलं. डबा तापला. सूं सूं, सूं सूं. बत्ती गेली नाही. बाईंनी घड्याळ बघितलं. मधेच झाकण उघडलं नाही. डबा निवू दिला. मग बाहेर आला चिमटा. चकचकीत.

आता चष्मा? "कपाळावर आहे," टिचकी म्हणाली. बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. चिमटा धरला. चिट.

निघाला काटा.

थोरला डबा बाईंनी तालुक्याच्या मोठ्या दवाखान्यात धाडला. तिथं रोज शंभर चिमटे. थोरला खूश. चिमुकला गेला कान टोचणाऱ्या सोनाराकडे. एक सुई, एक डबा. चिमुकला खूश. मधला राहिला बाईंपाशी. बेताचा दवाखाना, बेताचा डबा.

आणि टिचकी? तिनं एक पाय टेकला. दुसरा टेकला. दुखेना. मग पायरीवरून अंगणात, अंगणातून माडाखाली, माडाखालून थेट आज्याच्या नाकावर.

टुणुक टुणुक. टुणुक टुणुक.

"उतर," आजा म्हणाला. "हात काथ्यात आहेत."

ज्याचं होतं त्याला मिळालं. आता हलवा पाय. तुमची टुणुक बघू.