डोंगरावरून येणारी खबर

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचे नावही आता कुणाला आठवत नाही. आठवत नाही तेच बरे, कारण त्याने मान खाली घालावी असेच या गोष्टीत पुष्कळ आहे.

राजधानी खाली दरीत होती आणि वर माळावर धनगरांचे कळप चरत. वरून सगळा मुलूख दिसे. म्हणून तिथे एक रीत पडली होती. डोंगरावरचा कुणी खबर घेऊन वेशीवर आला, की पहारेकऱ्याने त्याला आधी बसवायचे, गूळपाणी द्यायचे, आणि मगच काय ते विचारायचे. दरड कोसळली, वाघ उतरला, परकी माणसे दिसली, सगळे आधी वेशीवर कळे. खबर चुकीची निघाली तरी कुणी रागावत नसे. रोजचीच रीत, त्यामुळे तिचे कुणाला कौतुकही नव्हते.

मग एका वर्षी आगलावे आले. चेहरे झाकलेली ही टोळी भर बाजारात आग लावी आणि पळून जाई. लूट त्यांना नको होती. लोकांनी भिऊन राहावे, एवढेच हवे होते. कोठारे जळाली, माणसे जळाली, आयाबायांनी लेकरांना बाजारात न्यायचे सोडले. राजा मनाचा वाईट नव्हता. जळालेल्या घरांपुढे उभे राहून त्याने शब्द दिला, की यापुढे माझ्या राज्यात कुणी जळणार नाही. शब्द तर दिला, पण तो पाळायचा कसा, हे त्याला ठाऊक नव्हते.

अशातच एक माणूस पकडला गेला. त्याच्या झोळीत तेलात भिजवलेल्या चिंध्या होत्या. कोतवालाने परोपरीने विचारले, पण तो तोंड उघडेना. जत्रा जवळ आली होती. कोतवाल राजाला म्हणाला, की आग कुठे लागणार हे याला नक्की माहीत आहे, तापल्या सळईची परवानगी द्या, लगेच बोलेल.

राजाची थोरली बहीण दरबारात बसत असे. ती म्हणाली, "माणसं भाजतो म्हणूनच तर त्याला धरलाय ना आपण?"

"आक्का, जत्रेत आग लागली तर त्या लोकांना तू काय सांगशील?" राजाने विचारले.

  उत्तराची वाट न पाहता राजा म्हणाला, "फक्त एवढ्या वेळी," आणि त्याने मान डोलावली.

मंडळी, तुम्हाला वाटले असेल, मी आता सांगणार की तो बिचारा निरपराध होता. नव्हता. तो आगलाव्याच होता, आणि सळई लागल्यावर त्याने सांगितले तेही खरेच निघाले. जत्रेच्या मैदानाशेजारी कडब्याच्या गंजीत तेलाची मडकी सापडली. जत्रा वाचली.

राजा तळघरात उतरला, तेव्हा त्या माणसाने पाणी मागितले. कोतवाल म्हणाला, "इतक्यात नको महाराज, अजून काही सांगेल." राजाने त्या माणसाच्या हातांकडे पाहिले आणि तो वर आला. त्याला लाज वाटली. अगदी मनापासून वाटली. पण बाहेर लोक गुलाल उधळत होते, ढोल वाजवत होते, त्याचा जयजयकार करत होते. राजा त्यांच्यात जाऊन उभा राहिला आणि हसला. इथेच घात झाला.

एकदा जमले म्हटल्यावर कोतवाल परवानगी विचारेनासा झाला. तळघर रिकामे राहीना. सळई लागली की प्रत्येक जण काहीतरी सांगे, कुणाचे तरी नाव घेई, मग त्या नावाचा माणूस आणला जाई. तळघराशेजारी तांबटांची वस्ती होती. ते आता हातोडे जोरात चालवू लागले, म्हणजे आतले काही कानावर पडायला नको. त्यांना कुणी काही विचारले नाही. विचारणार कोण? सगळ्यांनाच ती ठकठक हवी होती.

एके दिवशी एक धनगर वेशीवर आला. वरच्या खिंडीत अनोळखी माणसे उतरली आहेत, त्यांच्याजवळ तेलाचे बुधले आहेत, असे तो सांगू लागला. कोतवाल तिथेच होता. बुधल्यात तेलच आहे हे तुला कसे कळले, असे त्याने विचारले. वास आला, धनगर म्हणाला. म्हणजे तू त्यांच्या इतक्या जवळ गेला होतास? कोतवालाचे डोळे बारीक झाले. धनगराला तळघरात नेले. राजाच्या कानावर हे आले, तेव्हा त्याने एवढेच विचारले, की तो त्यांच्यातला आहे का. कोतवाल म्हणाला, "कळेलच." राजा दुसऱ्या कामाला लागला. त्याच्याविरुद्ध काहीच निघाले नाही, तेव्हा धनगराला सोडून दिले. चुकलो, असे त्याला कुणी म्हणाले नाही.

पुढच्या जत्रेत विणकरांची आळी पेटली. धोटे, माग, म्हातारी माणसे, पाळण्यातली पोरे, काही उरले नाही. राजाने स्वतः प्रेते उचलली. मागाहून कळले, की टोळी भर दुपारी, लादलेली खेचरे घेऊन माळावरून उतरली होती. इतकी माणसे उतरली आणि वरच्या एकालाही दिसली नाहीत? राजा संतापला आणि तसाच डोंगर चढून गेला.

माळावर एक धनगरीण मेंढ्या राखत होती. टोळी दिसली होती का, राजाने विचारले.

"दिसली की. आमच्या तळावरनंच गेली."

"मग वेशीवर येऊन सांगितलं का नाहीस?" राजाचा आवाज चढला.

तिने वर पाहिले नाही. "माझं मालक आलं हुतं की, म्हाराज, सांगायला."

मेंढवाड्याच्या दगडांना टेकून एक माणूस बसला होता. लोकर कातरायची कात्री त्याच्यापुढे पडली होती, आणि ती धरायला त्याची बोटे वळत नव्हती. राजाबरोबरचे शिपाई पाहताच तो धडपडत उठला आणि दगडांमागे जाऊन लपला.  विणकरांची आळी जाळली टोळीने, पण तिला वाचवू शकणारे तोंड बंद केले होते आपण, हे राजाला आता कळले. त्याला क्षमा मागायची होती.  ती बाई मेंढ्या घेऊन पुढे निघून गेली.

खाली आल्यावर राजाने कोतवालाला काढून टाकले आणि तळघर दगडांनी भरून घेतले. चौकात उभे राहून सांगितले, की परवानगी मीच दिली होती. तांबट खाली मान घालून ऐकत होते. डोंगरावर दवंडी पिटवली, की निर्धास्त या. तो राजा पुढे पुष्कळ वर्षे जगला, पण त्याच्या हयातीत वेशीवर खबर घेऊन कुणीही आले नाही.

बोध इतकाच, की छळ करून एकाचे तोंड उघडता येते, पण त्यापायी आपणहून सांगायला येणारी सगळी तोंडे मिटतात.