परक्याची मयत

मीठ लादलेले बैल हाकत चाललेल्या दोघा लमाण भावांपैकी थोरला सोमला तापाने फणफणला आणि वाटेतल्या एका गावाच्या चावडीत पहाटे वारला. धाकटा रुपला पाटलांच्या पाया पडला.

"मसणवटीत भावाला जाळायला जागा द्या, मालक."

सारा गाव गोळा झाला होता. कुणी रुपलाच्या कानातल्या बाळ्या बघत होतं, कुणी त्याची बोली ऐकून हसत होतं.

दौलतराव पाटील म्हणाले, "मसणवट गावच्या माणसांची आहे. तुमचा वेष निराळा, बोली निराळी. तुम्ही आमचे कोण? ने त्याला वेशीबाहेर."

रुपलाच्या मुठी वळल्या. पण भावाला एकटा उचलणार कसा? डोळे पुसताना त्याची नजर घरांवरून फिरली आणि त्याला नवल वाटलं. ऊन डोक्यावर आलं तरी एकाही घरातून धूर निघत नव्हता.

"मालक, आज गावात कुणी जेवलं नाही का?"

"येडा का खुळा तू?" पाटील गरजले. "गावात मयत असताना चूल पेटवतात होय? रीत आहे आमची."

"आणि शेजारच्या गावात कुणी मेलं तर?"

"तेव्हा का म्हणून? परक्यासाठी कोण उपाशी बसतंय!"

"मग मालक, आज सकाळपासून सारा गाव कुणासाठी उपाशी बसलाय?"

मागून म्हातारा धोंडजी कोळी म्हणाला, "पाटील, उत्तर द्या, नाहीतर खांदा द्या."

पाटलांनी पायातले जोडे काढून ठेवले आणि खांदा द्यायला ते पुढे झाले.