तिळू आत, पंखा घर्र घर्र

राईएवढी एक मुंगी. तिचं नाव राई.
तिळाएवढं तिचं बाळ. त्याचं नाव तिळू.
दोघं राहायची बापूआजोबांच्या घरी. टेबलाखाली, फरशीच्या फटीत. शेजारी कॉम्प्युटरचा मोठा डबा. डब्याला मागे भोकंच भोकं.

एका दुपारी आजोबांनी लाडू खाल्ला. एक कण पडला. टप्प! घरंगळला, घरंगळला, आणि गेला एका भोकातून आत.

तिळू म्हणाला, "आई, मी आणतो!"
राई म्हणाली, "थांब रे!"
थांबतोय कसला! तुरूतुरू तुरूतुरू. तिळू आत.
(तू घालतोस का बोट असल्या भोकात? घालायचं नाही हं. कध्धीच नाही.)

तेवढ्यात आजोबांनी बटण दाबलं. टुक!
डब्यातला पंखा सुरू झाला. घर्र घर्र घर्र!
तिळू पंख्याच्या पलीकडे. राई पंख्याच्या अलीकडे. मधे पंखा, गरगर गरगर.

"आई गं, उकडतंय!" तिळू आतून ओरडला.
राईने भोकातून आत डोकावलं.

वर पडद्यावर अक्षरं आली, 'जरा थांबा.'
आजोबा थांबले. एक जांभई दिली. दोन जांभया दिल्या. दहाही बोटांची नखं कापून झाली. पडद्यावर अजून 'जरा थांबा.'
आजोबा कंटाळले. म्हणाले, "जाऊ दे बाबा, बंदच करतो."
त्यांनी 'बंद' वर टिचकी मारली. टिक!
मग पडद्यावर काय आलं, सांग?
'जरा थांबा.'
घ्या! उठायलाही थांबा, झोपायलाही थांबा! आणि भिंतीवरचं वायरचं बटण कुठे? मोठ्या कपाटाच्या मागे. तिथे कुणाचा हातच पोचत नाही.

राई पंख्याजवळ गेली. वाऱ्याने तिच्या मिशा उडाल्या.
"पंख्या पंख्या, थांब ना!"
पंखा म्हणाला, "घर्र घर्र! मी नाही थांबत. कॉम्प्युटर झोपेल, तेव्हा मी थांबेन."

राई निघाली. तुरूतुरू तुरूतुरू. डब्यावर चढली.
"कॉम्प्युटर कॉम्प्युटर, झोप ना! पंखा थांबेना, आणि माझा तिळू..."
"जरा थांबा, जरा थांबा!" कॉम्प्युटर म्हणाला. "मी नाही झोपत. माझ्याकडे पाहुणे आलेत. अकरा पाहुणे! पाहुणे निघतील, तेव्हा मी झोपेन."

हे पाहुणे कोण? अरे, पडद्याच्या कोपऱ्यात बारीक बारीक चित्रं असतात ना, ती! एक गाणेवाला. एक पत्रवाला. एक खेळवाला. एक पाऊस पडेल का ते सांगणारा. आणि एक तर कोण होता, कुणालाच माहीत नाही.
ते आले कसे? आजोबांमुळे. एकेक जण यायचा आणि विचारायचा, "आजोबा, कॉम्प्युटर उठला की मीपण रोज उठू का?"
आजोबा म्हणायचे, "उठा की! विचारता काय?"
आजोबांना कुणाला 'नको' म्हणताच यायचं नाही. मग काय! कॉम्प्युटर उठला की अकराही जण एकदम उठायचे. "मी आधी, मी आधी!" दारातच चेंगराचेंगरी. आणि जायची वेळ झाली की दारातच गप्पा. तुझी आत्या नाही का, चपला घालून अर्धा तास बोलते? तस्संच.

"आई गं, फार उकडतंय!" तिळूची हाक आली. आता जरा बारीक आली.

राई धावली. तुरूतुरू तुरूतुरू. पडद्यावर चढली, कोपऱ्यात गेली.
"पाहुणे पाहुणे, निघा ना! कॉम्प्युटर झोपेना, पंखा थांबेना, आणि माझा तिळू..."
"कलकल कलकल!" पाहुणे म्हणाले. "आम्ही नाही निघत. घरच्यांनी म्हणायला नको? आजोबा 'निघा' म्हणतील, तेव्हा आम्ही निघू."

राई धावली. तुरूतुरू तुरूतुरू. आजोबांच्या चष्म्यावर चढली.
"आजोबा आजोबा, बोला ना! पाहुणे निघेनात, कॉम्प्युटर झोपेना, पंखा थांबेना, आणि माझा तिळू..."
"हो हो, कळलं कळलं!" आजोबा म्हणाले. "पण चहा न देता पाहुण्यांना 'निघा' म्हणू? आपल्यात नाही बाई तशी रीत! इंदूआजी चहा टाकेल, तेव्हा मी बोलेन."
आता कॉम्प्युटरमधले पाहुणे चहा पितात का रे? पण आजोबांना कोण सांगणार!

"आई..." तिळूची हाक आली. एवढीश्शी आली.

राई दमली होती. तरी धावली. तुरूतुरू तुरूतुरू. स्वयंपाकघर केवढं लांब! इंदूआजी खुर्चीत बसली होती. डोळे मिटून कपाळाला बाम चोळत होती. राई तिच्या पदरावर चढली.
"आजी आजी, चहा टाक ना! आजोबा बोलेनात, पाहुणे निघेनात, कॉम्प्युटर झोपेना, पंखा थांबेना, आणि माझा तिळू..."
"पुरे गं बाई तुझं पाल्हाळ!" आजी म्हणाली. "डोकं ठणकतंय माझं. ऐकू येतेय ना ती घरघर? मी नाही चहा टाकत. पंखा थांबेल, तेव्हा मी चहा टाकेन."

राई धावली. तुरूतुरू तुरूतुरू. परत पंख्याजवळ.
"पंख्या पंख्या, थांब ना! आजी चहा टाकेना, आजोबा बोलेनात, पाहुणे निघेनात, कॉम्प्युटर झोपेना..."
"घर्र घर्र! तेच तर सांगतोय!" पंखा म्हणाला. "कॉम्प्युटर झोपेल, तेव्हा मी थांबेन."

अरे देवा! कॉम्प्युटर पाहुण्यांसाठी अडलाय. पाहुणे आजोबांसाठी अडलेत. आजोबा आजीसाठी अडलेत. आजी पंख्यासाठी अडलीय. आणि पंखा? पंखा कॉम्प्युटरसाठी! गोल गोल गोल. आता जायचं कुणाकडे?

राईने भोकाला कान लावला.
"तिळू!"
हाक नाही.
"तिळू रे!"
नुसतं घर्र घर्र घर्र.

राई खूप घाबरली. तिला रडू फुटलं. पण रडत बसली नाही. रडत रडतच धावली. तुरूतुरू तुरूतुरू. आजीच्या पदरावर, पदरावरून हातावर, हातावरून थेट आजीच्या नाकाच्या शेंड्यावर.
आजीने डोळे उघडले.
या वेळी राई पंख्याचं बोलली नाही. कॉम्प्युटरचं बोलली नाही. एवढंच बोलली,
"आजी, माझं बाळ आत आहे."

"बाळ?" आजी ताडकन उठली. "कुठे आत?"
"डब्यात. पंख्याच्या मागे. आता हाकही मारत नाही."
"अगं बाई गं! हे आधी नाही का सांगायचं?"
"सांगत होते, आजी. सगळ्यांना सांगत होते. शेवटपर्यंत कुणी ऐकलंच नाही."

आजीला फार वाईट वाटलं. मग म्हणाली, "चुकलं गं माझं. डोकं दुखायचं तर दुखू दे. मीच आधी उठते."

आणि आजीने चहा टाकला. खदखद खदखद, चहा उकळला. आजी कप घेऊन निघाली. पदर खोचून, भराभरा. राई तिच्या खांद्यावर.
"अहो, हा घ्या पाहुण्यांचा चहा! आणि आधी बोला, मग प्या. डब्यात बाळ अडकलंय!"
"बाळ? कुणाचं बाळ?" आजोबा दचकले.
"माझं," राई म्हणाली.

आजोबांनी चष्मा नीट केला. पडद्यावर पाहुण्यांची यादी उघडली. प्रत्येक नावापुढे खूण होती, रोज उठायची खूण. आजोबांनी बोट पुढे केलं, मागे घेतलं. 'नको' म्हणायची सवय कुठे होती! पण आजोबा बोलले.
"गाणेवाले, निघा आता. रोज नका उठू. बोलावलं की या." टिक! खूण पुसली.
"पत्रवाले, निघा आता. बोलावलं की या." टिक!
"खेळवाले, निघा आता." टिक!
टिक! टिक! टिक!
शेवटी राहिला तो, कोण ते कुणालाच माहीत नाही तो.
"तुम्ही कोण?" आजोबांनी विचारलं.
"मलाही आठवत नाही," तो म्हणाला.
"मग निघा!" टिक!

आजी चहा टाकेना? टाकला!
आजोबा बोलेनात? बोलले!
पाहुणे निघेनात? निघाले! कलकल कलकल, गेले सगळे. आज दारात गप्पा नाहीत.
कॉम्प्युटर झोपेना? झोपला! पडदा काळा. 'जरा थांबा' नाही, काही नाही.
पंखा थांबेना? घर्र... घर्र... घर...
थांबला.

सगळीकडे चिडीचूप.
राई भोकातून आत गेली. आत काळोख. आत गरम गरम. आत धूळ.
"तिळू?"
कुणी बोललं नाही.
"तिळू, मी आलेय."
मग कोपऱ्यात काहीतरी हललं. एक बारीक वायर होती. वायरीला एक इवलंसं काळं चिकटलं होतं. ते म्हणालं,
"आई, आता तोंड उघडू?"
"उघड रे, उघड!"
"मी तोंडाने वायर धरली होती. घट्ट. हाक मारली असती तर वाऱ्याने उडालो असतो."

राईने त्याला जवळ घेतलं. त्याचे पाय मोजले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. पुन्हा मोजले. सहाच्या सहा! मग कुठे तिच्या जिवात जीव आला.

दोघं बाहेर आली, तुरूतुरू तुरूतुरू, पार टेबलाच्या पायापर्यंत. आजीने फुंकर मारून तिळूची धूळ झाडली. हळूच हं, अगदी हळू.

पाहुण्यांचा चहा आजोबांनीच संपवायला घेतला. म्हणाले, "सगळे लांब आहात ना? बघू बरं, आता उठतो कसा!"
टुक! त्यांनी बटण दाबलं.
टिंग! कप ओठाला लागायच्या आत कॉम्प्युटर उठला. जांभई नाही, नखं नाहीत. आजोबा बघतच राहिले.
लगेच पडद्यावर एक नवा पाहुणा डोकावला. "आजोबा, मी रोज उठू का?"
आजोबांनी आजीकडे पाहिलं. राईकडे पाहिलं.
"नको," आजोबा म्हणाले.

आणि तेवढ्यात डब्यात पंखा सुरू झाला. घर्र घर्र घर्र!
राई दचकली. तिने भोकाकडे पाहिलं. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.
"तिळू! तिळू कुठेय?"
"अगं आई," तिच्या पाठीवरून कुणीतरी म्हणालं, "मी इथेच आहे ना!"

साखळी सुटली, भीती पळाली.
आईच्या पाठीवर स्वारी निजली.